लेट

बँकेत दोन प्रकारचे 'लेट' असतात. एक मस्टरवर आमच्या नावासमोर लाल शाईने पडतो, दुसरा खातेदाराच्या नावाआधी काळ्या शाईने लागतो. पहिल्याने अर्धी किरकोळ रजा जाते, दुसऱ्याने कायमची मिळते!

आम्ही पडलो बी.कॉम. शब्दांची कुळी काढण्याच्या भानगडीत पडायचं कारण नव्हतं. पण २०२३ साली दादा गेले आणि त्यांच्या खात्याचा फॉर्म मलाच भरावा लागला. 'लेट श्री.' एवढं लिहिलं, तोच शेजारी बसलेल्या आईने विचारलं,

"लेट म्हंजी उशीर ना रं?"

"हो, पण..."

"मग खोड ते. येवढ्या जन्मात कुठं उशीर केला त्यांनी?"

खरं होतं. आमचं गाव नारायणगडाखाली. गडाला धाकटी पंढरी म्हणतात आणि तिथल्या संतांचं नावच नगद नारायण महाराज. दादांना उधारी आणि उशीर दोन्हींचा तिटकारा. एकादशीला काकड्याच्या आधी गडावर हजर.

मी 'लेट' खोडून 'कै.' केलं. साहेबांनी फॉर्म परत केला. हेड ऑफिसला 'कै.' कळत नाही म्हणे.

त्या रात्री डिक्शनरी उघडली. जुन्या इंग्रजीत हा शब्द मंद, ढिल्या माणसाला लावीत. लॅटिनमधला त्याचा भाऊबंद 'लासुस', म्हणजे थकलेला. पुढे पंधराव्या शतकात कधीतरी तो मेलेल्या माणसाला चिकटला: परवापरवापर्यंत होता तो. आईला एवढं सांगितलं. 'थकलेला' तिला पटलं. सही केली.

दादा थकले होते ते रेल्वेची वाट बघून. नगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ची. तेव्हा मी शाळेत होतो. "पहिल्या गाडीनं नगरला जायचं," असं त्यांनी ठरवूनच टाकलं. गाडी बीडला आली १७ सप्टेंबर २०२५ला. तारीख मात्र अचूक निवडली होती. देश १५ ऑगस्ट १९४७ला मोकळा झाला, आम्ही मराठवाडेकर १७ सप्टेंबर १९४८ला. तेरा महिने लेट! त्या हिशेबाने रेल्वेची तीस वर्षं जरा जास्तच झाली.

पुढच्या आठवड्यात आईला स्टेशनवर घेऊन गेलो. गाडी फलाटावर उभीच होती. आईने इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत ती नीट बघून घेतली, पदर सावरला आणि म्हणाली,

"आता हिला लाव तुझं ते लेट."