जुनी यादी

फोन दुरुस्तीला गेलाय आणि हात उगीचच खिशाकडे जातोय. करमेना म्हणून जुना लॅपटॉप उघडला, तर गूगल रीडरमधून उतरवून ठेवलेली ब्लॉगांची यादी सापडली. सगळे ब्लॉग एका जागी वाचायला देणारं हे रीडर १ जुलै २०१३ला बंद झालं. त्याआधी सकाळचा चहा त्याच्यासोबतच व्हायचा. यादी म्हणजे जुनी पत्त्यांची वहीच. कितीतरी दुवे आता उघडतच नाहीत. लिहिणारे कुठे गेले असतील? लिहितात का अजून?

नव्या अ‍ॅप्सची हौस मला आजही आहे, आणि ती काही फिटायची नाही. पण सेवा अशा बंद पडतात, म्हणून रोजनिशी मात्र मार्कडाउनमध्येच. जॉन ग्रुबरने २००४ साली आणलेली ही लिहिण्याची पद्धत. फाइल साध्या मजकुराची, कुठल्याही यंत्रावर उघडते. तुमचं लिखाण ज्या अ‍ॅपमध्ये आहे, तिथून ते बाहेर काढता येतं का, एकदा बघून घ्या.