कुठे हसलास?

जुन्या रहस्यकथेचं शेवटचं पान उलटलं की त्यामागच्या कोऱ्या पानावर कुणीकुणी पेन्सिलीने लिहून ठेवलेले शेरे मी आवर्जून वाचते. फास्टर फेणेच्या एका झिजलेल्या प्रतीत असे तीन शेरे एकाखाली एक होते. पहिला, ‘मस्त!’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘चोर आधीच कळतो.’ आणि त्याखाली आणखी कुणीतरी ठणकावलेलं, ‘कळू दे की! मजा आली ना?’

वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये, हे खरंच. पण रहस्य आणि विनोद यांचं नातं त्या तिसऱ्या वाचकाने एका ओळीत सांगून टाकलं होतं. चोर कोण, हे एकदा कळलं की रहस्य संपतं. हसू मात्र संपत नाही. म्हणून निव्वळ रहस्यकथा आपण एकदा वाचतो आणि विनोदी रहस्यकथेकडे पुन्हा पुन्हा वळतो. चोर माहीत असूनही ज्याला ते पुस्तक परत घ्यावंसं वाटतं, त्या वाचकाचं मत मला सर्वांत मोलाचं वाटतं.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बनेश फेणे, फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. किडकिडीत पोरगा, सायकलवर स्वार, तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा. प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत तो कुठेकुठे पोचला, विमानचोरांशीही भिडला. वीस पुस्तकांच्या या मालिकेत गुन्हे खरे आहेत, धोकेही खरे आहेत. पण भागवतांची भाषा सतत खेळत असते. शब्दांच्या कोलांट्या, नावांची गंमत, संकटाच्या ऐन क्षणी पात्राच्या तोंडी आलेलं भलतंच वाक्य. पोरगं घाबरतंय असं दिसलं की लेखक त्याला हसवतो आणि हसता हसता पुढच्या संकटात नेऊन सोडतो. हे काम सोपं नाही. विनोद थोडा जास्त झाला तर धोका खोटा वाटतो, कमी पडला तर वाचक दमतो.

आमच्या नगरला पुणं जवळचं. एस.टी.ने शिरूर मागे टाकलं की पुण्याचे वेध लागतात. त्यामुळे फेणे इथल्या मुलांना परका कधीच वाटला नाही. उलट त्यांचं मत तक्रारीच्या सुरात यायचं: तो आमच्या भुईकोट किल्ल्यात कधी येणार? चांदबिबीच्या महालावर चोर लपले तर तो सायकल घाटाने वर कशी नेईल? मला ही खरी समीक्षा वाटते. ज्या नायकाला वाचक आपल्या गावात बोलावतो, त्याच्यावर त्याने पूर्ण विश्वास टाकलेला असतो.

मालिकेच्या वाचकाचं मत एका पुस्तकापुरतं नसतंच. ‘याच्या आधीचं जास्त छान होतं’ असं तो म्हणतो, तेव्हा जुन्या मित्राची तब्येत विचारावी तशी काळजी त्यात असते. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारलं, तेव्हा वाचक खवळले. अखेर लेखकाला त्याला परत आणावं लागलं. आपल्याकडे २०१७ साली फास्टर फेणे मोठा होऊन चित्रपटात आला. त्याची भूमिका करणारा अमेय वाघ आवडला, असं म्हणणारेही पुढे लगेच ‘पण आमचा बन्या...’ म्हणून सुरू व्हायचे. त्या ‘आमचा’मध्ये आपलं सगळं बालपण पणाला लागलेलं असतं.

या प्रेमाची नोंद आपण फारशी ठेवली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, गावोगावच्या वाचनालयांत त्यांच्यावर उड्या पडल्या, पण मराठी समीक्षेने या वाचकाला क्वचितच विचारलं की बाबा रे, तुला यात काय सापडतं? रंजन म्हणजे हलकं, असं आपण धरून चाललो. प्रत्यक्षात कितीतरी घरांत वाचनाची सवय याच पुस्तकांनी लावली.

अहमदनगर जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. वाचनाची एवढी जुनी परंपरा असलेल्या जिल्ह्याने एक साधी गोष्ट करून पाहावी. प्रत्येक वाचनालयात बालविभागाच्या टेबलावर एक वही ठेवावी, पुस्तक परत करताना मुलांना तीत दोन ओळी लिहू द्याव्यात. शुद्धलेखन तपासू नये, तात्पर्य मागू नये. ‘पुस्तक आवडलं का?’ असं विचारलं की मूल ‘हो’ म्हणून मोकळं होतं. त्याऐवजी ‘कुठे हसलास?’ असं विचारावं. मग ते पान शोधतं, तो प्रसंग सांगतं, सांगता सांगता पुन्हा हसतं, आणि शेजारी उभं असलेलं दुसरं मूल ते पुस्तक मागून घेतं.