आठ डॉलरांच्या आधी

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत जेवणं उरकून गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास येतं, "आम्ही आलो तेव्हा खिशात आठ डॉलर होते." भारतातून निघताना तेव्हा परकीय चलनच तेवढं मिळायचं. त्या पिढीने एका खोलीत चौघांनी राहून, बर्फातून बस गाठून, पै पै साठवून जे उभं केलं, त्याचं मोल मी जाणते. पण त्याच ओघात पुढचं वाक्यही येतं, "आम्ही करून दाखवलं, मग या काळ्यांना कुणी अडवलंय?" तिथे मला गप्प राहवत नाही. कुणी अडवलं होतं, याचे कागद सरकारदरबारी जपून ठेवलेले आहेत.

१९३०च्या दशकात अमेरिकन सरकारच्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज द्यायला उत्तम ती वस्ती हिरवी, धोक्याची ती लाल. नकाशासोबत वस्तीवार एक फॉर्म असे. ते फॉर्म आता कुणालाही संगणकावर पाहता येतात. घरं किती जुनी, बांधकाम कसलं, भाडं किती, असे साधे रकाने. आणि त्यांच्याच रांगेत एक छापील रकाना: निग्रो आहेत का, हो की नाही, किती टक्के. शेजारी आणखी एक: वस्तीत कुणाची 'घुसखोरी' चालू आहे. हे कुणा माथेफिरूने लिहिलेलं नाही. ते आधीच छापलेलं होतं, कारकुनाने फक्त जागा भरायची होती. त्या रकान्यापुढे मी कितीतरी वेळ थांबते.

१९३४ साली आलेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशननेही घरकर्जांना हमी देताना हाच दंडक चालवला. मग दुसरं महायुद्ध संपलं. १९४४च्या जीआय बिलामुळे परतलेल्या सैनिकांना सुरुवातीची रक्कम न भरता घर घेता येऊ लागलं. लाँग आयलंडवर १९४७पासून लेव्हिटाउन उभं राहिलं. हजारो एकसारखी टुमदार घरं, आठ हजार डॉलरच्या आत. पहिल्या भाडेकरारांत अट होती की गोऱ्या वंशाबाहेरच्या माणसाला इथे राहू द्यायचं नाही. घरातला नोकर मात्र चालेल. त्याच युद्धात लढलेला कृष्णवर्णीय सैनिक गणवेशासकट बाहेर राहिला. त्यातलं एखादं घर आज पाच लाख डॉलरच्या वर जातं. अमेरिकेत घर म्हणजे नुसतं छप्पर नव्हे. ते गहाण टाकून मुलं कॉलेजात जातात, दुकानं निघतात. शाळाही बऱ्याच अंशी घरपट्टीवर चालते, म्हणजे वस्ती गरीब तर शाळाही गरीब. एका रकान्याची वसुली तीन पिढ्या चालते ती अशी.

आणि आपण? १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात भगतसिंग थिंड यांचा खटला चालला. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात होते. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, म्हणून गोऱ्यांत गणावं, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो फेटाळला गेला, आणि आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्वही गेलं. जातीच्या जोरावर वंशाचं दार ठोठावलं गेलं होतं, हे मला विसरता येत नाही. ते दार नीट उघडलं १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला १००. डॉक्टर-इंजिनिअर हवे होते, शीतयुद्धात जगापुढे तोंड दाखवायचं होतं, ही कारणं होतीच. पण वंश पाहून माणसं निवडणं लाजिरवाणं ठरलं ते बर्मिंगहॅम आणि सेल्माच्या रस्त्यांवर, नागरी हक्कांसाठी लाठ्या खाणाऱ्या कृष्णवर्णीयांमुळे. आठ डॉलर घेऊन उतरलेल्यांपाशी भारतातल्या सरकारी अनुदानावर चाललेल्या कॉलेजची पदवी होती, आणि डॉ. मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८मध्ये, मंजूर झालेला घरांबाबतचा भेदभावबंदीचा कायदाही होता.

वैयक्तिक जबाबदारी मला पूर्ण मान्य आहे. कृष्णवर्णीय समाजात तिचा आग्रह आपल्याहून कमी नाही. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१पासून टस्कीगीच्या आपल्या शाळेत तोच धडा गिरवून घेतला. २००८च्या फादर्स डेला ओबामांनी शिकागोच्या चर्चमध्ये जबाबदारी झटकणाऱ्या बापांना सुनावलं. उलट, वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणीत फुप्फुसं गमावलेल्या गोऱ्या माणसाला 'तुला प्रिव्हिलेज आहे' म्हटलं की तो भडकतो, आणि त्याचं भडकणं मला कळतं. त्याला काहीच फुकट मिळालेलं नाही. त्याच्या कातडीमुळे लाल रेषा त्याच्या दारापुढे ओढली गेली नाही, एवढंच. पण तेवढंही थोडं नाही.

हा सगळा इतिहास जुना झाला असं म्हणणाऱ्यांना मी आमच्याच राज्यातलं माउंट लॉरेल दाखवते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराण्यातल्या एथेल लॉरेन्स या कृष्णवर्णीय बाईंनी परवडणारी ३६ घरं बांधायची परवानगी मागितली. गावाने नाकारली. १९७५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्येक वाढत्या गावाने अशा घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे. बाईंच्या नावाच्या वसाहतीत माणसं राहायला आली ती २०००मध्ये. बाई १९९४लाच गेल्या होत्या.

त्या वाट्याची घरं कुठे बांधायची, यावर गावोगावी अजून सुनावण्या होतात. माइकपुढे विरोधाची रांग लागते आणि हल्ली त्या रांगेत आपली मराठी माणसंही असतात. ट्रॅफिक वाढेल, घरांचे भाव पडतील. मी घरांच्या बाजूने बोलायला जाते. आठ डॉलरवाल्या एका काकांनाही चला म्हणून मागे लागले आहे. ते म्हणतात, "अगं, शाळेत गर्दी होईल." मी म्हणते, "होईल ना काका. वर्ग वाढवायला लावू. त्याचा कर भरायला मी तयार आहे. तुम्ही?"