घुमट गेले, अंगण उरलं

कोलकात्याला गेलात की हावडा ब्रिज आणि व्हिक्टोरिया मेमोरियल होतंच. थोडा वेळ काढून बीबीडी बागेतही जा, म्हणजे जुन्या डलहौसी स्क्वेअरमध्ये. तिथे करन्सी बिल्डिंग ही तीन मजली इमारत आहे.

१८३३ साली ती आग्रा बँकेसाठी बांधली गेली. १८६८ मध्ये सरकारचं चलन कार्यालय इथे आलं. मधल्या भल्यामोठ्या दालनावर घुमट होते. त्यांच्याखाली काउंटरवर नोटा, सोनं-चांदी आणि सुट्टे पैसे बदलून मिळत. १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली, तेव्हा तिचं पहिलं मध्यवर्ती कार्यालयही इथेच होतं. दोन वर्षांनी ते मुंबईला हललं. (आम्हाला आपलं वाटायचं, ही बँक जन्मापासूनच मुंबईची!)

पुढे या वास्तूचं गोदाम झालं. १९९६ मध्ये तर ती धोकादायक ठरवून चक्क पाडायला घेतली. मधले घुमट पडलेसुद्धा! वारसा जपणारे लोक आणि महापालिका आडवे आले, म्हणून बाकीची वाचली. मग पुरातत्त्व खात्याने ती हाती घेऊन डागडुजी केली आणि जानेवारी २०२० मध्ये तिथे संग्रहालय उघडलं.

घुमट मात्र पुन्हा बांधले नाहीत. ते दालन आता उघडं अंगण आहे. मला हे पटलं. खोटा घुमट उभारला असता, तर इथे काय मोडलं होतं ते कुणाला कळलंही नसतं. चारी बाजूंना कमानी आहेत, वर आभाळ. जिथे नोटा मोजल्या जात, तिथे आता श्रावणसरी थेट आत येतात.