काकांचा डीव्हीडी रेकॉर्डर

डीव्हीडी रेकॉर्डर नावाचं एक यंत्र असायचं हे हल्ली ऑफिसातल्या फ्रेशर पोरांना समजावून सांगावं लागतं. प्लेअर नव्हे हो, रेकॉर्डर! व्हीसीआरची पिवळी-पांढरी-लाल वायर मागे खुपसायची, कोरी डिस्क घालायची आणि लाल बटण दाबायचं. एसपी मोडला दोन तास, एलपीला चार. कुरुंदवाडच्या आमच्या काकांनी तो २००७ साली हौसेनं घेतला. पुढे केबल डिजिटल झाली, सेट टॉप बॉक्स आले, त्याचा ट्यूनर निकामी झाला. पण काका काही तो भंगारात देईनात.

मध्यंतरी त्यांचा फोन. "काय रे इंजिनिअर, मशिन डिस्क घेईना झालंय. सगळ्याला एरर दावतंय. येतोस न्हवं शनवारी?"

एरवी मी पेनड्राइव्ह घ्या म्हणून मोकळा झालो असतो. पण त्या डिस्कवर काय आहे ते मला माहीत होतं. आई-बाबांच्या १९९५ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेली. (कृष्णा-पंचगंगेच्या काठचं गाव. पाणी चढायला लागलं की आधी म्हातारी माणसं आणि जनावरं हलवायची, मग धान्य. कॅसेटचा नंबर येईस्तोवर पाणी कपाटात.) डिस्क वाचल्या, कारण त्या माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात होत्या. गंमत बघा, घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये डेटा असतो तो सेंद्रिय रंगाच्या एका पातळ थरात, आणि त्या थराला उष्णता अजिबात सोसत नाही. पत्र्याखालच्या ज्या माळ्यानं त्यांना पुरातून वाचवलं, त्यानंच त्या वर्षानुवर्षं भाजल्या!

तर शनिवारी पोचलो. पहिला प्रश्न ऑफिसात असतो तोच, दोष कुठे? मशिनमध्ये की डिस्कमध्ये? विकतची सिनेमाची डीव्हीडी लावली. अडखळत का होईना, चालली. कंपनीत छापलेल्या डिस्कमध्ये खड्डे प्लॅस्टिकमध्येच उमटवलेले असतात, ती वाचायला सोपी. घरची डिस्क मात्र रंगाच्या खुणांवर चालते, तिथे लेझर थोडा जरी मंदावला की बोंब. म्हणजे दोष दोन्हीकडे असू शकत होता.

प्लग काढला, चहा होईस्तोवर थांबलो (पॉवर सप्लायच्या कपॅसिटरशी दोस्ती नको), झाकण उघडलं. आत एवढी धूळ की काकू म्हणाल्या, "अगं बाई, ह्यात तर घर झाडायचं राहिलंय!" कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन लेन्स अलगद पुसली. जोडलं, लावलं. सातपैकी पाच डिस्क लागल्या. काका असे बघायला लागले जणू मी हार्ट ऑपरेशन केलंय.

त्या पाचांत लग्नाची होती, पण ती माझ्या लॅपटॉपला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये कोरी दिसत होती. का? तर २००७ मध्ये ती फायनलाइज करायची राहून गेली होती. रेकॉर्डर चित्रं लिहून ठेवतो, पण इतर प्लेअरना समजेल अशी सुरुवातीची आणि शेवटची नोंद तो फायनलाइज केल्यावरच पुरी करतो. तोवर ती डिस्क त्याच मशिनची लाडकी.

"मग दाब की ते बटण, मेनूत दिसतंय की," काका म्हणाले.

मी ठाम नाही म्हटलं. फायनलाइज करणं म्हणजे डिस्कवर लिहिणं. थकलेला लेझर, अठरा-वीस वर्षांची डिस्क आणि शनिवारी दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नाही. अर्ध्यात अडकलं तर मागे फिरता येत नाही. त्यापेक्षा रेकॉर्डरवरच ती चालवली आणि पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीतून लॅपटॉपवर उतरवून घेतली. चित्र थोडं मऊ येतं, येऊ दे. दोन तास सगळ्यांनी लग्न बघितलं. बाबांच्या मिशा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

उरलेल्या दोन डिस्कपैकी एक पूर्ण मेलेली. दुसरीवर आजी.

२००६ च्या पावसाळ्यात सगळे नृसिंहवाडीला गेलो होतो, दक्षिणद्वार सोहळ्याला. कृष्णेचं पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं आणि तिथे स्नानाला ही गर्दी. शूटिंग हँडीकॅमवर केलं होतं, ती टेप पुढे पुसून वापरली गेली. आजी २०११ मध्ये गेली. चौदा मिनिटं, तीही डिस्कच्या अगदी शेवटी, आधी चुलत बहिणीचं लग्न. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे आजी बरोबर बाहेरच्या कडेला, जिथे बोटं लागतात आणि दमट हवा आधी शिरते.

डिस्क साध्या पाण्यानं धुतली, मधून कडेकडे पुसली. गोल गोल पुसू नका मंडळी! आडवा ओरखडा प्रत्येक फेरीतला थोडासाच डेटा खातो, तो दुरुस्तीचे जादा बाइट्स भरून काढतात. गोल ओरखडा बत्तीस केबीचा अख्खा ब्लॉक गिळतो. मग रात्री डीडीरेस्क्यू लावलं. हे भारी आहे: आधी सोपं तेवढं उचलतं, अवघड जागा वहीत लिहून ठेवतं आणि मग एकेका जागेवर पुन्हा पुन्हा जातं.

पहाटे बघितलं तर अकरा मिनिटं आली होती. पायरीवर बसलेली आजी म्हणते, "मी हितंच बसतो. तुम्ही जावा, मी चपला राखतो." आमच्याकडे बायका असंच बोलतात, 'मी येतो, मी बसतो'. पुण्याला फर्स्ट इयरला मी आजीची नक्कल केली की हॉस्टेल हसायचं. इतक्या वर्षांनी ते खरं ऐकलं.

शेवटची तीन मिनिटं हिरवे चौकोन. काका जवळ येऊन बसले.

"हितनं फुडं ती मला शिव्या घालती," ते म्हणाले. "कॅमेरा घिऊन पाण्यात उतरलोतो की मी."

एका ड्राइव्हला न वाचलेलं दुसऱ्याला कधीकधी वाचता येतं. डीडीरेस्क्यूची वही जपून ठेवली आहे, डिस्क पुण्याला आणली आहे. एका मित्राच्या ड्राइव्हवर आणखी चाळीस सेकंद निघाले, त्यात फक्त पाण्याचा आवाज आणि कुणाची तरी छत्री. या शनिवारी तिसरा ड्राइव्ह मिळतोय.