खेळ रचण्याचा छंद

व्हिडिओ गेम खेळणें निराळें आणि तो रचणें निराळें. खेळण्याचा नाद किती मुलांस लागला आहे हें पालकांस आम्हीं सांगावयास नको. त्याविषयींच्या तक्रारी आम्ही प्रत्येक पालकसभेंत ऐकतों. परंतु गेल्या कांहीं वर्षांत आमच्याकडे निराळ्या प्रकारचीं मुलेंही येऊं लागलीं आहेत. हातांतला खेळ संपला कीं, 'हा कोणीं केला? कसा केला? मला करतां येईल काय?' असें तीं विचारतात. त्यांस उत्तर देतां यावें म्हणून २०२२ सालीं, शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलींत बसून, आम्हीं स्वतः एक लहानसा खेळ रचावयास घेतला. गणित शिकविणाऱ्या माणसानें चाळिशी उलटल्यावर चिखलांतून बेडूक उडवीत बसावें, याचें सहकाऱ्यांस हंसूं आलें असेल. असो. त्या उद्योगांत जें कळलें तें, आणि या छंदास खरोखर खर्च काय येतो तें, येथें मांडावयाचें आहे.

प्रथम हत्यारांची गोष्ट. पडद्यावर चित्र उमटविणें, कळ दाबली गेली कीं नाहीं तें पाहणें, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या कीं नाहीं हें तपासणें, योग्य वेळीं आवाज काढणें, हीं कामें बहुतेक सर्व खेळांत सारखींच असतात. तीं प्रत्येकानें नव्यानें करूं नयेत म्हणून एकदां रचून ठेवलेला जो संच, त्यास 'गेम इंजिन' म्हणतात. जपानांतील दाइसुके अमाया यांनीं फावल्या वेळांत पांच वर्षें खपून 'केव्ह स्टोरी' हा खेळ रचला व डिसेंबर २००४ मध्यें तो लोकांस फुकट दिला. चित्रें, कथा व संगीत तर त्यांचें होतेंच, पण तें संगीत बांधण्याचें साधनही त्यांनीं स्वतःच तयार केलें. आज इतकी यातायात उरलेली नाहीं. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की व आरिएल मांसूर यांचें 'गोडो' हें इंजिन २०१४ सालीं सर्वांस खुलें झालें. तें घेण्यास पैसा पडत नाहीं, आणि त्यावर रचलेला खेळ विकला तरी कोणास हिस्सा द्यावा लागत नाहीं. त्रिमिति आकृतींसाठीं 'ब्लेंडर' आहे. तें बंद पडण्याच्या बेतांत असतां त्याचे कर्ते टॉन रोझेंडाल यांनीं २००२ सालीं जगभर वर्गणी मागून अवघ्या सात आठवड्यांत १ लाख युरो जमविले, हक्क सोडवून घेतले आणि तें साधन सर्वांस मोफत केलें. ही हकीगत मुलांनीं मुद्दाम जाणून घ्यावी. चित्रें रंगविण्यास 'क्रिटा', आवाज कापण्याजोडण्यास 'ऑडॅसिटी', हींही तशींच मोफत. 'युनिटी' हें अधिक प्रसिद्ध इंजिन लहान माणसास फुकटच मिळतें. पण सप्टेंबर २०२३ मध्यें त्या कंपनीनें, ठराविक मर्यादेपलीकडे गेलेला खेळ जितक्या वेळां कोणाच्या यंत्रांत बसविला जाईल तितक्या वेळां आकार घेण्याचें जाहीर केलें. जगभर ओरड झाली, आणि वर्षभरानें तो आकार रद्द करावा लागला. फुकट मिळालें आणि आपलें झालें, यांत एवढें अंतर आहे.

मराठी मुलांस येथें एक जास्तीची अडचण होती. आम्हीं आरंभ केला तेव्हां गोडोच्या तिसऱ्या आवृत्तींत देवनागरी नीट बसत नसे. 'चिखल' हा शब्द पडद्यावर 'चखिल' असा उमटे, व जोडाक्षरें तुटून त्यांचे हलंत पाय उघडे पडत. मार्च २०२३ मध्यें चौथी आवृत्ति निघाली आणि आमचा चिखल एकदांचा चिखल झाला. अक्षरांचे ठसे म्हणाल तर मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनीं घडविलेला 'मुक्ता' कोणासही विनामूल्य वापरतां येतो.

हत्यारें झालीं, आतां हात. बेडकानें उडी मारावी, एवढेंच आम्हांस हवें होतें. संगणक सामान्यतः एका सेकंदांत साठ वेळां पडदा नव्यानें रंगवितो. कळ दाबतांच बेडकास वरच्या दिशेनें कांहीं वेग द्यावयाचा, आणि पुढें प्रत्येक वेळीं त्या वेगांतून थोडा थोडा वजा करावयाचा. वेग शून्य झाला कीं बेडूक क्षणभर वर ठरतो. मग तो वेग उलट दिशेस वाढत जाऊन स्वारी खालीं येते. विज्ञानाच्या पुस्तकांतील गतीचीं समीकरणें तीं हींच. आमचा बेडूक अगदीं शास्त्रशुद्ध उडूं लागला, आणि मुलें म्हणालीं, "सर, हा फुग्यासारखा तरंगतो." तेव्हां खालीं येतांना गुरुत्वाकर्षण दुप्पट केलें. शास्त्र बिघडलें, पण उडी सुधारली. दुसरी खुबी आम्हांस 'सेलेस्ट' या २०१८ सालच्या खेळापासून कळली. त्यांत कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत उडी मारूं देतात. खेळणारास हें समजत नाहीं. आपण कळ अगदीं वेळेवर दाबली, एवढेंच त्यास वाटतें. ही सवलत आम्हीं घातली नव्हती तोंवर मुलें खेळास नांवें ठेवीत. घातल्यावर तीं आपल्याच हाताची तारीफ करूं लागलीं. हा सेलेस्टही प्रथम मॅडी थॉर्सन व नोएल बेरी या दोघांनीं २०१५ सालीं अवघ्या चार दिवसांत रचला होता, आणि तोही 'पिको-८' वर, जेथें पडद्यावर १२८ आडवे व १२८ उभे ठिपके आणि रंग फक्त १६ मिळतात.

चित्रांचा हिशेबही पाहावा. लहानांत लहान पात्र १६ चौकोन रुंद व १६ उंच धरलें तर एका चित्राचे २५६ चौकोन झाले. चालण्याच्या चार दिशा आणि प्रत्येक दिशेस पावलांचीं चार चित्रें, म्हणजे ४,०९६ चौकोन; आणि हें एकच पात्र. ज्या मुलींस रांगोळीचे ठिपके मोजून नक्षी बसविण्याची किंवा जाळीच्या कापडावर टांके घालण्याची संवय आहे, त्यांस हें काम आमच्यापेक्षां फार लवकर साधलें. संगीताविषयीं आम्ही लिहीत नाहीं. तें आम्हांस येत नाहीं.

पैसा असा वांचला. वेळ मात्र कोणाचाच वांचला नाहीं. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथील एरिक बरोन यांचें नांव आमच्या मुलांस पाठ आहे. २०११ सालीं संगणकशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांस मनाजोगी नोकरी मिळेना; हात बसावा म्हणून त्यांनीं शेतीवरचा एक लहानसा खेळ रचावयास घेतला. कांहीं महिन्यांत संपेल असा अंदाज होता, त्यास साडेचार वर्षें लागलीं. चित्रें, संगीत, संवाद, प्रोग्रॅम, सर्व एकहातीं. दिवसाचे दहादहा तास ते यांत घालवीत, व पात्रांचे चेहरे मनास येईनात म्हणून पुनःपुन्हां नव्यानें काढीत. मध्यंतरीं एका नाट्यगृहांत प्रेक्षकांस जागा दाखविण्याची अर्धवेळ चाकरी त्यांनीं केली. घर बरेंचसें सहचारिणीच्या कमाईवर चाललें. 'स्टारड्यू व्हॅली' हा तो खेळ २६ फेब्रुवारी २०१६ रोजीं निघाला, दोन महिन्यांत त्याच्या १० लाख प्रती खपल्या, आणि डिसेंबर २०२४ पर्यंत ४ कोटींच्या वर गेल्या. मुलें हा शेवटचा आंकडा सांगतात. नाट्यगृहाची चाकरी कोणी सांगत नाहीं, आणि सहचारिणी तर नाहींच नाहीं. 'स्टीम' या दुकानांत एकट्या २०२४ सालीं १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. त्यांपैकीं किती खेळांचीं नांवें वाचकांस ठाऊक आहेत?

दुकानाचा दर सांगून हा भाग संपवितों. स्टीमवर प्रत्येक खेळामागें १०० डॉलर, म्हणजे आठ हजार रुपयांहून अधिक भरावे लागतात, आणि विक्री १ हजार डॉलरपर्यंत गेली तरच ते परत येतात. विक्रींतून सामान्यतः शेंकडा ३० दुकान घेतें. गूगलच्या दुकानांत एकदांच २५ डॉलर, अ‍ॅपलच्या दुकानांत दरसाल ९९ डॉलर. 'इच' नांवाच्या जागेवर कांहींच पडत नाहीं. शिकणाऱ्या मुलास ती पुरेशी आहे.

गेल्या वर्षीं जून महिन्यांत नववींतील एका मुलाचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते एस. टी. मध्यें वाहक आहेत. खिशांतून त्यांनीं एका दुकानाचा कागद काढला. त्यावर ७२ हजारांचा संगणक व दरमहा ३,६०० रुपयांचा हप्ता लिहिलेला होता. "सर, पोरगा म्हणतो याशिवाय खेळ बनत नाहीं. घेऊं का? धाकटीची फी आहे, पण घेईन," ते म्हणाले. आम्हीं सांगितलें, "इतक्यांत घेऊं नका. शाळेचीं यंत्रें नऊ वर्षांचीं आहेत, पण सपाट चित्रांचा खेळ त्यांवर चालतो. एका पडद्याचा एक खेळ त्यानें पुरा करूं द्या; मग आपण दोघे हप्त्याचें बोलूं." मुलगा आठवडाभर आमच्याशीं बोलला नाहीं. त्याच्या मनांत समुद्र, बेटें, चाळीस शस्त्रें असें कांहीं होतें.

मग तो शनिवारीं येऊं लागला. पंधरा दिवसांत होईल म्हणाला, त्यास जुलै ते जानेवारी लागले. खेळ वाहकाचा आहे. गाडी सुटली कीं पुढला थांबा येण्याच्या आंत सर्वांचीं तिकिटें झालीं पाहिजेत. तिकीट यंत्र छापतें, पण सुटे पैसे हातानेंच मोजून द्यावयाचे. पहिला मसुदा त्यानें घरीं दाखविला तेव्हां वडिलांनीं दोन मिनिटांत चुका काढल्या. बायकांचें तिकीट २०२३ पासून अर्धें आहे, पंचाहत्तरीपुढल्यांस मुळींच नाहीं. आणि सकाळच्या पहिल्या गाडींत प्रत्येकजण पांचशेंची नोट काढतो, ती खेळांत कुठें आहे? त्या नोटेनें खेळास खरा जोर आला. आतां पुष्कळ लोक फोनवरून पैसे देतात, पण तें मुलानें घेतलें नाहीं. तें घेतलें तर खेळ काय उरला?

वडिलांस आम्हीं हेंही सांगितलें कीं सहामाहींत त्याचे गणिताचे गुण ११ नीं उतरले, व वार्षिकांत ६ परत चढले. ते बराच वेळ गप्प राहिले. संगणक घेतलेला नाहीं. हें वर्ष दहावीचें. त्यास दुसरा मार्ग, घाटाचा, घालावयाचा आहे, आणि तो परीक्षेनंतर घालावा असें घरीं ठरलें आहे. दरम्यान सुटीच्या एका दिवशीं वडिलांनीं आगारांत उभ्या असलेल्या गाडींतील घंटीचे दोन टोले आपल्या फोनवर उतरवून आणले. त्या आवाजामागें कोणी चहावाला ओरडतो. मुलानें तो कापला नाहीं.