चार पोस्टकार्डं आणि ताम्हिणीचा पाऊस

दोस्तांनो, घरात कुठे जुनं पोस्टकार्ड असेल तर ते हातात घ्या. नसेल तर आपला तळहात पाहा, तोही चालेल. पोस्टकार्ड साधारण चौदा सेंटिमीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर रुंद असतं. अशी चार पोस्टकार्डं जमिनीवर मांडली तर जेवढी जागा होते, जवळपास तेवढ्याच जागेवर एक अख्खी मोटार रस्त्याला टेकलेली असते. इंजिन, सीट, माणसं, डिकीतलं सामान, सगळा भार त्या चार ठिपक्यांवर. वळण घेणं, वेग वाढवणं आणि ब्रेक लावून थांबणं हे सगळं तिथेच घडतं. बाकीची मोटार हवेत असते म्हणा ना!

मला हे माझ्या मामांमुळे कळलं. मामा मुळशी तालुक्यात पौडजवळ राहतात. त्यांना दोन वर्षांपूर्वी एक जुनी गाडी मिळाली. दोनच माणसांची, छप्पर नसलेली आणि इतकी बुटकी की दारात उभं राहून आत बसलेल्याच्या डोक्यावर टपली मारता येते. पुढे लांब नाक, दोन्ही बाजूंना सायकलच्या मडगार्डसारखी मडगार्डं. पौडच्या बाजारात ती उभी राहिली की पोरं जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, “काका, ही जीप का?”

जीप नाही हो. या गाडीचं घराणं इंग्लंडातलं. कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरने १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ नावाची गाडी आणली. तिचं वजन होतं जेमतेम पाचशे किलोच्या आसपास. गंमत म्हणजे ती सुट्ट्या भागांच्या खोक्यांत विकत मिळायची. तयार मोटारीवर तिथे खरेदीकर होता, सुट्ट्या भागांवर तो लागत नसे. मग काय, लोक खोकी घरी न्यायचे आणि गॅरेजमध्ये पान्हे घेऊन गाडी जोडत बसायचे. १९७३ पासून कॅटरहॅम नावाची कंपनी त्याच वळणाच्या गाड्या बनवू लागली. आपल्याकडेही अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने याच ढंगाची ‘रोडस्टर’ बनवली. तिला १.८ लिटरचं इसुझू इंजिन होतं, ॲम्बेसिडरमध्ये बसायचं त्याच जातीचं. मामांची गाडी याच गोतावळ्यातली, एका हौशी माणसाने जोडलेली. आधीच्या मालकाने तिला तेरा इंची चाकं बसवली होती.

आणि खरा प्रश्न त्या चाकांवरच्या टायरचा निघाला.

मामांची आई, म्हणजे माझी आजी, माणगावला राहते. पौडहून माणगावला जायचं तर मुळशी धरणाच्या काठाने पुढे जाऊन ताम्हिणी घाट उतरायचा. (हे तेच धरण, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि ज्या लढ्यामुळे बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं.) उन्हाळ्यात हा रस्ता फार सुंदर. पण पावसाळ्यात? पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. २५ जुलै २०२४ च्या सकाळी मोजलं, तेव्हा ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला होता! पुण्याचा जवळजवळ वर्षाचा पाऊस एका दिवसात. अशा घाटातून मामा शनिवारी आजीकडे जाणार, आणि शेजारच्या सीटवर माझी नववीतली मामेबहीण बसणार. मामींनी स्पष्ट सांगितलं, “टायर बघून घेतल्याशिवाय पोरगी त्या गाडीत बसणार नाही.”

मामा म्हणाले, “अगं, टायर तर नवेच दिसतायत.”

दिसत होते खरे. नक्षी खोल होती, सहा मिलिमीटर तरी. नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटरच्या असतात आणि मोटारीला कायद्याने निदान १.६ मिलिमीटर तरी हव्यात. या हिशेबाने टायर पास! पण मामेबहिणीने टॉर्च घेऊन टायरच्या कडेवरची अक्षरं वाचायला सुरुवात केली. दोस्तांनो, टायर ही वाचायची वस्तू आहे बरं का. कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. इथे होतं ०९११. म्हणजे २०११ सालचा नववा आठवडा! ही गाडी आधीच्या मालकाकडे बहुतेक काळ शेडमध्येच उभी होती, म्हणून नक्षी झिजली नाही. पण रबर काही गाडी चालायची वाट पाहत नाही. ते उभ्या उभ्या वाळतं, कडक होतं. वाकून पाहिलं तर कडेला केसासारख्या बारीक भेगा होत्या आणि नख रुतवलं तर रुतत नव्हतं. कडक रबर ओल्या डांबराला चिकटत नाही. वर या गाडीला आजच्या गाड्यांसारखं एबीएस नाही. ब्रेक जोरात दाबला की चाक जाम होणार आणि गाडी साबणाच्या वडीसारखी घसरत जाणार.

झालं, टायर बदलायचे हे ठरलं. आता कोणते?

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, दुकानात जायचं आणि सगळ्यात रुंद, सगळ्यात महागडे घ्यायचे. मामांच्याही मनात तेच होतं. रुंद टायर दिसतातही रुबाबदार. पण ही गाडी हलकी आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

पिरंगुटच्या वजनकाट्यावर गाडी नेली. काटेवाल्याला आधी वाटलं आपली थट्टाच चालली आहे. रिकामी गाडी भरली ६२० किलो. मारुती ८०० साधारण एवढीच असायची, आणि ॲम्बेसिडर अकराशेच्या वर. दोन माणसं आणि पेट्रोल धरून मामांनी ७६० किलो धरले. म्हणजे एका चाकावर १९० किलो. (चारही चाकांवर अगदी सारखा भार नसतो, पण हिशेबापुरतं चालेल.)

आता एक सोपं गणित. टायरमधली हवा भार उचलते. हवेचा दाब गुणिले रस्त्याला टेकलेली जागा, म्हणजे साधारण चाकावरचा भार. पंपावर आपण म्हणतो ना, ‘तीस पाउंड मार’, तो दाब असतो दर चौरस इंचाला तीस पाउंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. १९० ला २.१ ने भागा. उत्तर येतं ९० चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्डाचं क्षेत्रफळ १२६, म्हणजे हे पोस्टकार्डाहूनही लहान! हवा वीस पाउंडांवर आणली तर दाब १.४ किलो आणि जागा जवळपास १३६ चौरस सेंटिमीटर.

गंमत लक्षात आली? टायर रुंद केला तरी भार आणि हवा तीच असेल तर टेकणारी जागा फारशी वाढत नाही. तिचा आकार बदलतो, आडवी पसरते आणि लांबीला कमी होते, इतकंच.

टायरच्या कडेवर आणखी एक ओळ असते. उदाहरणार्थ १७५/७० आर १३ ८२ टी. १७५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ७० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या सत्तर टक्के, आर म्हणजे रेडियल, १३ इंचाची डिस्क. पुढचा ८२ हा किलो नव्हे, तो कोष्टकातला क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ हा टायर ४७५ किलो पेलू शकतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालेल. आता पाहा, पेलायची ताकद ४७५ आणि मामांच्या गाडीचा भार १९०! पैलवानाच्या डोक्यावर मुंडासं ठेवावं तसं. असा टायर ठासून भरला तर ढोलासारखा फुगतो, मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो आणि कडा वर राहतात. त्यातून त्याची भिंत कडक असेल तर तो वाकत नाही आणि वाकला नाही तर गरमही होत नाही. रबर थोडं गरम झालं की चांगलं चिकटतं. जड, वेगवान गाड्यांसाठी बनवलेले रुंद टायर म्हणूनच हलक्या गाडीखाली लाकडासारखे वागू शकतात.

तेव्हा रुंद टायरचा विचार बारगळला. शर्यतीच्या मैदानासाठी मऊ रबराचे, जवळजवळ बिननक्षीचे टायर मिळतात. कोरड्या ट्रॅकवर ते फार उत्तम, पण ताम्हिणीत जुलै महिन्यात ते बसवणं म्हणजे गुळगुळीत तळाच्या चपला घालून शेवाळावर नाचणं. ते नावही मामींपुढे काढायची सोय नव्हती. दुसऱ्या टोकाला पंक्चरवाल्या काकांनी सुचवलेले टॅक्सीचे टायर. “साहेब, ऐंशी हजार किलोमीटर मरणार नाहीत!” मरणार नाहीत, कारण रबर कडक. मामांची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालली तर खूप. तिला वीस वर्षं न झिजणारा टायर काय कामाचा? तो झिजायच्या आधी वाळणारच.

राहिला मधला पर्याय. १७५/७० चे साधे प्रवासी गाडीचे रेडियल, मऊ भिंतीचे, ज्यांच्या नक्षीत उभ्या रुंद खाचा आहेत. त्या खाचा म्हणजे पन्हळी. चाकाखालचं पाणी त्यांतून बाहेर जातं.

आणि इथे मामेबहिणीने सगळ्यांना गप्प केलं. ती म्हणाली, “बाबा, हवा कमी केली की जागा वाढते. मग पाण्यावर गाडी तरंगणार नाही का?”

बरोब्बर! पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगाने गेलं तर टायरला पाणी बाजूला सारायला वेळ मिळत नाही, चाक पाण्याच्या थरावर चढतं आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं. विमानांच्या चाकांचं असंच होत होतं म्हणून अमेरिकेच्या नासा संस्थेने त्याचा अभ्यास केला आणि १९६३ मध्ये एक ठोकताळा प्रसिद्ध केला. दाबाचं वर्गमूळ काढा (दाब पाउंडात) आणि त्याला साधारण १६.७ ने गुणा, की तरंगायला लागण्याचा ताशी वेग किलोमीटरमध्ये मिळतो. पाणी खाचांपेक्षा खोल असेल किंवा टायर गुळगुळीत असेल तर हे लागू. तीस पाउंडांना उत्तर येतं ९१. वीस पाउंडांना ७५. म्हणजे कोरड्यात फायद्याची असलेली कमी हवा पाण्यात तोट्याची!

मग घाटात काय करायचं? मामांनी विचार केला. घाटाच्या वळणांवर वेग तीस-चाळीसच्या वर जातच नाही, तिथे तरंगण्याची भीती नाही. तिथे खरी भीती वाहून आलेल्या लाल मातीची, शेवाळाची आणि पहिल्या पावसाची, कारण तेव्हा महिनोन्महिने साठलेलं तेल आणि धूळ रस्त्यावर पसरते. तिथे मऊ रबरच कामाला येणार. तरंगण्याचा धोका सपाट रस्त्यावर, जिथे पाय नकळत दाबला जातो आणि समोर अचानक डबकं येतं. म्हणून पावसाळ्यासाठी चोवीस पाउंड ठरले (तरंगण्याचा वेग सुमारे ८२) आणि सपाटीला पन्नासच्या वर जायचं नाही, असंही ठरलं.

एक मात्र ऐका. हे वीस-चोवीस पाउंड तुमच्या घरच्या गाडीला लावायला जाऊ नका! तिचं वजन दुप्पट असतं. कमी हवेवर तिचा टायर वाकून वाकून तापतो आणि हमरस्त्यावर फुटूही शकतो. तिच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा तक्ता चिकटवलेला असतो, तो पाळायचा.

नवे टायर बसले त्या दिवशी मामेबहिणीने शाळेचे खडू आणले. प्रत्येक टायरवर आडवी जाड रेघ मारली आणि मामांनी गाडी सरळ रस्त्यावर थोडी पुढे नेली. तीस पाउंडांवर रेघ फक्त मधे पुसली गेली, दोन्ही कडांना खडू तसाच. सव्वीसवर थोडी अधिक. वीसवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत स्वच्छ पुसली. गणितात जे निघालं ते रस्त्यावर दिसलं, तेव्हा बघ्यांत उभे असलेले पंक्चरवाले काका म्हणाले, “पस्तीस वर्षं हवा मारतोय, हे खडूचं कुणी सांगितलं नव्हतं.”

तुम्हालाही सायकलवर करून पाहता येईल. चाकाला ओला रंग लावून ते अलगद कागदावर टेकवा, कुणाला तरी सीटवर बसवा, मग चाक उचला. उमटलेला ठिपका चौकटीच्या कागदावर मोजा. हवा कमी-जास्त करून पुन्हा मोजा. (सायकल दोघांनी धरा, नाहीतर रंगाचं टायर आईच्या फरशीवरून जाईल.)

गेल्या पावसाळ्यात मामेबहीण पाच वेळा घाटातून आजीकडे गेली, रेनकोट घालून आणि दात वाजवत. मामींची अट मात्र कायम आहे. हवामान खात्याने घाटासाठी रेड अलर्ट दिला की गाडी शेडमध्ये, आणि आजीला फोन.